वाचक विचारतात : सेरोटोनिन किती, यापेक्षा कुठे

चिंतेच्या आजारांविषयी आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात ‘सेरोटोनिन कमी झालंय’ हे वाक्य या ना त्या रूपात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे. सेरोटोनिन म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात त्यांपैकी एक रसायन. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ३८. सहा महिन्यांपासून कारण नसताना काळजी वाटते, झोप लागत नाही, पोटात सतत कालवतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालंय, आणि एस्सिटालोप्रॅम सुरू केली. नेमकं किती कमी आहे हे रक्त तपासून कळेल का? लॅबमध्ये ती तपासणी होते म्हणे. (सातारा)

उत्तर : तपासणी होते, पण तिचा तुम्हाला उपयोग नाही. पैसे वाया घालवू नका. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. तिथून ते रक्तात उतरतं आणि प्लेटलेट ते उचलून साठवून ठेवतात. लॅब मोजते ते हे. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा इकडचं सेरोटोनिन तिकडे जाऊ देत नाही. ते बनवणारं एन्झाइमसुद्धा आतड्यात वेगळं आणि मेंदूत वेगळं आहे. ही तपासणी लिहून दिली जाते ती मुख्यतः आतड्यातल्या कार्सिनॉइड प्रकारच्या गाठींचा संशय असतो तेव्हा.

या रसायनाची ओळखही मेंदूपासून सुरू झाली नाही. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना ते १९३० च्या दशकात आतड्यात सापडलं. १९४८ मध्ये क्लीव्हलँडमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ वेगळा काढला. सीरम आणि टोन (म्हणजे ताण) हे दोन शब्द जोडून त्याला सेरोटोनिन हे नाव मिळालं. ते मेंदूतही आहे हे १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग आणि पेज यांनी दाखवलं.

आता ‘कमी झालंय’ या वाक्याबद्दल. रुग्णाला पटकन समजावं म्हणून ते बोललं जातं, पण चिंतेच्या बाबतीत ते बरोबर नाही. स्वीडनमधल्या उपसाला इथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये, चारचौघांत बोलण्याची तीव्र भीती असलेल्या रुग्णांच्या मेंदूत सेरोटोनिन किती तयार होतं हे पेट स्कॅनने पाहिलं. निरोगी माणसांच्या तुलनेत रुग्णांच्या अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागात, ते *जास्त* तयार होत होतं.

मग गोळी कशी लागू पडते? त्यासाठी मेंदूची रचना थोडी पाहावी लागेल. मेंदूच्या देठात, अगदी मधल्या रेषेवर, रॅफे नावाचे पेशींचे पुंजके आहेत. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यांतल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी फक्त काही लाख, आणि त्या बहुतेक इथेच आहेत. पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरलेले आहेत. पाटाच्या पाण्यासारखं हे आहे. धरण एक, पण पाट फुटून पाणी वेगवेगळ्या शिवारांत जातं, आणि तेच पाणी एका पिकाला मानवतं तर दुसऱ्याला नाही. सेरोटोनिन ज्यांच्यावर काम करतं त्या रिसेप्टरांचे, म्हणजे पेशीवरच्या निरोप झेलणाऱ्या प्रथिनांचे, चौदा प्रकार माहीत आहेत. काही पेशीला शांत करतात, काही चेतवतात. त्यामुळे ‘किती’ या प्रश्नाला एकट्याने फारसा अर्थ उरत नाही. कुठे आणि कुठल्या रिसेप्टरवर, हे विचारावं लागतं. तुम्हाला दिलेली गोळी चिंतेवर चाललेली आणि नीट तपासलेली आहे. स्पष्टीकरण सोपं करून सांगितलं गेलं एवढ्यावरून ती बंद करू नका.

प्रश्न : मेंदूचा एमआरआय केला, नॉर्मल आला. मग हा मेंदूचा त्रास कसा म्हणायचा? (पुणे)

उत्तर : एमआरआय गाठ, रक्तस्राव, जुनी इजा अशा गोष्टी नाहीत ना, हे पाहण्यासाठी असतो. चिंतेचा आजार त्यात दिसत नाही. २८ केंद्रांमधले सततच्या काळजीच्या आजाराचे सुमारे एक हजार रुग्ण आणि सुमारे तीन हजार निरोगी माणसं यांचे स्कॅन एकत्र करून २०२१ मध्ये तुलना छापली गेली. दोन्ही गटांच्या मेंदूच्या रचनेत फरक मिळाला नाही. म्हणून ‘तुमचा अमिग्डाला मोठा आहे’ असं एका माणसाच्या स्कॅनवरून कोणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका.

फरक असतो तो भागांच्या आपसातल्या बोलण्यात. कानाच्या पातळीवर, दोन्ही बाजूंना खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो, जेमतेम दीड-दोन घन सेंटिमीटरचा. बाहेरच्या धोक्याची खबर त्याच्याकडे दोन वाटांनी पोहोचते, असं न्यूयॉर्कचे जोसेफ लडू यांनी प्राण्यांवरच्या कामातून मांडलं. एक वाट आखूड आणि ढोबळ, दुसरी मेंदूच्या सालीतून जाणारी, लांब पण नेमकी. अंधारात पायाशी दोर दिसला तर आधी पाय मागे येतो आणि मग ‘दोरच आहे’ हे कळतं. हा क्रम त्या दोन वाटांचा आहे.

अमिग्डालाच्या शेजारी, त्याचाच विस्तार म्हणावा असा आणखी एक छोटा भाग आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला बीएनएसटी म्हणतात. समोर आलेल्या कुत्र्याची भीती मुख्यतः अमिग्डालाची. ‘त्या गल्लीत कुत्रा असेल का’ ही तासन्‌तास टिकणारी धास्ती अधिक करून बीएनएसटीची. दोघांची कामं इतकी काटेकोर वेगळी नाहीत हे आता कळलं आहे, पण ढोबळमानाने हा फरक उपयोगी पडतो. कारण तुम्ही पत्रात लिहिलेला त्रास, म्हणजे जीव टांगणीला लागल्यासारखा दिवस जाणं, दुसऱ्या प्रकारचा आहे.

या दोघांना लगाम घालणारा भाग कपाळामागे, खालच्या आतल्या बाजूला असतो. तिथून अमिग्डालाकडे तंतूंची जुडी येते. हा लगाम सैल पडला की धोका टळल्याचं कळूनही शरीर शांत होत नाही. आणि कानशिलाच्या आत दडलेला इन्सुला नावाचा भाग छातीतले ठोके, श्वास, पोटातली हालचाल यांची खबर ठेवतो. तो फार बारकाईने ऐकू लागला की साधी धडधडही संकटासारखी वाटते.

प्रश्न : रात्री झोपेतून दचकून उठतो, छातीत धडधड, हातपाय गार, ओठांना मुंग्या, आता संपलं असं वाटतं. तीनदा इमर्जन्सीत गेलो, तिन्ही वेळा ईसीजी चांगला. घरचे म्हणतात, नाटक आहे. (नागपूर)

उत्तर : हे नाटक नाही, आणि घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. ही पॅनिक अटॅकची लक्षणं आहेत, आणि त्यामागची यंत्रणा रोजच्या काळजीपेक्षा वेगळी आहे. अमेरिकेत आयोवा इथे एका रुग्ण स्त्रीचा अनेक वर्षं अभ्यास झाला. शास्त्रीय लिखाणात तिचा उल्लेख फक्त एस. एम. असा येतो. एका दुर्मीळ आजाराने तिच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले होते. साप, कोळी, भुताखेतांचं घर, कशाचीच भीती तिला वाटत नसे. पण २०१३ मध्ये छापलेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला, आणि तिला जोरदार पॅनिक अटॅक आला. तशाच इजा असलेल्या आणखी दोघींनाही आला. म्हणजे बाहेरच्या धोक्याची भीती अमिग्डालाशिवाय उमटत नसेल, पण ‘श्वास कोंडतोय’ ही आतून उठणारी हाक अमिग्डालावाचूनही पोहोचते.

ती हाक मेंदूच्या देठातून उठते, आणि पळापळीची आज्ञा देणारा देठातला करडा भाग, पीएजी, त्यात पुढे असतो. सेरोटोनिनचं दुहेरी वागणं इथे फार स्पष्ट दिसतं. ब्राझीलचे फ्रेडेरिको ग्रेफ आणि मँचेस्टरचे बिल डीकिन यांनी १९९१ मध्ये मांडलं, की रॅफेतून अमिग्डालाकडे जाणारं सेरोटोनिन पुढच्या धोक्याची काळजी वाढवतं, तर पीएजीकडे जाणारं सेरोटोनिन पॅनिकला आवरून धरतं. एकच रसायन, दोन ठिकाणी दोन उलटी कामं. पुढच्या प्रयोगांतून या मांडणीला बराच आधार मिळाला आहे.

आता करायचं काय ते. ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो म्हणून. अशा वेळी ‘खोल श्वास घे’ हा सल्ला उलटा पडतो, कारण खोल आणि जलद श्वासाने तो आणखी उतरतो. श्वास *सावकाश* हवा, मोठा नको. नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. पिशवीत श्वास घेण्याची जुनी पद्धत वापरू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती घातक ठरते. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. घड्याळाकडे पाहा, त्याने हे स्वतःला पटतं.

एकदा टीएसएच, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड जास्त असलं तर हुबेहूब असाच त्रास होतो. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या यांनीही धडधड वाढते. छातीतली कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, चालताना वाढली, किंवा शुद्ध हरपली, तर मात्र ‘पॅनिकच असेल’ म्हणून घरी थांबू नका.

प्रश्न : चिंतेसाठी गोळी सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात त्रास दुप्पट झाला. बेचैनी, मळमळ, झोप उडाली. पाचव्या दिवशी बंद केली. औषध चुकीचं होतं का? (कोल्हापूर)

उत्तर : बहुधा औषध बरोबर होतं, सुरुवात जोरात झाली. तुम्ही डोस लिहिलेला नाही, पण चिंतेच्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून एस्सिटालोप्रॅम १० किंवा सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅम दिली तर असं होणं नेहमीचं आहे. हे उत्तर सविस्तर देत आहोत, कारण चालू शकणारी औषधं याच आठवड्यात कचऱ्यात जातात.

दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन सुटलं की एक वाहक प्रथिन ते उचलून परत पेशीत नेतं. ही औषधं तो वाहक अडवतात, आणि हे पहिल्या गोळीनंतर काही तासांतच होतं. मग आराम पडायला चार-सहा आठवडे का लागतात? वाहक सगळीकडे एकदम अडवला जातो, रॅफेच्या स्वतःच्या पेशींभोवतीसुद्धा. तिथे १ए नावाचे रिसेप्टर असतात. भोवती सेरोटोनिन वाढलेलं दिसलं की ते रॅफेला सांगतात, ‘पुष्कळ झालं, काम कमी कर.’ रॅफे मंदावतं. औषध एका हाताने वाढवतं आणि मेंदू दुसऱ्या हाताने कमी करतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं, की साधारण दोन-तीन आठवड्यांत हे रिसेप्टर बोथट होतात, रॅफे पुन्हा नेहमीच्या चालीने चालू लागतं, आणि आता वाहकही अडवलेला असल्याने पलीकडे सेरोटोनिन खरोखर वाढतं.

दरम्यानच्या काळात जे वाढतं ते सगळं सुखाचं नसतं. २०१६ मध्ये उंदरांवरच्या एका कामात दिसलं, की बीएनएसटीमध्ये सेरोटोनिन २सी नावाच्या रिसेप्टरवर पडलं की भीती वाढते, आणि याच गटातल्या फ्लुओक्सेटीन या औषधाचा पहिला डोस हेच करतो. तुमची बेचैनी बहुधा याच वाटेची आहे. मळमळ मात्र डोक्यातली नाही. आतड्यातलं सेरोटोनिनही औषधाने वाढतं आणि तिथल्या ३ क्रमांकाच्या रिसेप्टरवरून उलटीचा संदेश जातो. ती आठ-दहा दिवसांत जाते. पोटभर नाश्त्यानंतर गोळी घेतली तर कमी जाणवते.

म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलून असं करता येतं. एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमपासून, फारच नाजूक प्रकृती असेल तर ५ ची अर्धी करून, सात ते दहा दिवस. मग १०. सर्ट्रालीन असेल तर २५ पासून, आठवड्याने ५०. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्या, गुंगी येत असेल तर रात्री. या दोन आठवड्यांत चहा-कॉफी निम्म्यावर आणा. चार आठवड्यांनी थोडाही फरक नसेल तर डोस वाढवायचा की औषध बदलायचं हे ठरवतात, आठव्या दिवशी नाही. वय २५ पेक्षा कमी असेल तर पहिले काही आठवडे घरच्यांनी जवळ राहावं. या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसा विचार आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर चोवीस तासांत कधीही बोला. तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि आधीच सांगितलेलं बरं : या औषधांनी लैंगिक इच्छा किंवा तृप्ती कमी होऊ शकते. संकोचाने रुग्ण हे बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. बोललात तर डोस किंवा औषध बदलता येतं.

प्रश्न : केळी, दूध यांनी सेरोटोनिन वाढतं का? ऑनलाइन ५-एचटीपीच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात का? (ठाणे)

उत्तर : केळ्यात सेरोटोनिन खरंच असतं, पण ते मेंदूच्या पडद्यापाशी अडतं. आत जातं ते ट्रिप्टोफॅन, ज्यापासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. पण त्याच दारातून इतर मोठी अमिनो आम्लंही आत शिरतात, आणि दुधात किंवा मांसात ती ट्रिप्टोफॅनपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून दूध वाढवलं म्हणजे मेंदूतलं ट्रिप्टोफॅन वाढेलच असं नाही. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण २४० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन लागतं, आणि ते वरण-भात, एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे असल्या साध्या जेवणात सहज भरून निघतं. ५-एचटीपी, म्हणजे ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतानाचा मधला टप्पा, मात्र पडदा ओलांडतं, आणि म्हणूनच चिंतेची गोळी चालू असताना ते घेणं धोक्याचं आहे. का, ते पुढच्या उत्तरात पाहा.

प्रश्न : सर्ट्रालीन चालू आहे. गुडघेदुखीसाठी आणि खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी औषधं दिली. काय टाळावं? (सोलापूर)

उत्तर : दोन्ही ठिकाणी सावध राहायला हवं. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल दिलं असेल तर ते स्वतः सेरोटोनिन वाढवतं. कोरड्या खोकल्याच्या पुष्कळ सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, तेही वाढवतं. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक आणि ५-एचटीपी याच यादीत येतात. दोन औषधांची बेरीज झाली तर काही तासांत, बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत, अंगाला कंप, दरदरून घाम, जुलाब, ताप, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं आणि घोट्यापाशी पाय आपोआप उडणं सुरू होऊ शकतं. असं झालं तर पुढचा डोस न घेता थेट रुग्णालय गाठा आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांचा धोका वेगळा आहे. पहिल्या उत्तरातल्या प्लेटलेट आठवा. त्या सेरोटोनिन बनवत नाहीत, मेंदूत असतो तोच वाहक वापरून रक्तातून उचलतात, आणि रक्त गोठताना ते सोडतात. सर्ट्रालीन तो वाहकही अडवते. त्यात ही वेदनाशामकं जोडली की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. काळी शौच हे त्याचं लक्षण. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि लावायचं मलम पुरतं का ते आधी पाहा. साठीपुढच्या माणसांनी गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सोडियम तपासून घ्यावं. ते उतरलं तर तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं असा त्रास होतो, आणि वयामुळे होतंय असं समजलं जातं.

प्रश्न : आईला चिंता, मला चिंता, आता मुलगी दहावीला आहे. जनुकांची चाचणी करून तिला होईल का ते कळेल का? (म्हापसा)

उत्तर : नाही. सेरोटोनिन वाहकाच्या जनुकाच्या सुरुवातीला ४४ अक्षरांचा एक तुकडा काहींत असतो, काहींत नसतो. तो नसलेल्या ‘आखूड’ प्रकारची माणसं थोडी अधिक चिंताळू असतात, असं १९९६ मध्ये ५०५ लोकांच्या अभ्यासातून छापलं गेलं, आणि ‘चिंतेचं जनुक’ म्हणून ते गाजलं. त्याच कामातला आकडा मात्र मागे पडला : माणसामाणसांतल्या फरकापैकी तीन-चार टक्केच त्याने समजत होते. पुढे मोठ्या अभ्यासांत तेवढंही नीट टिकलं नाही. चिंतेच्या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास धरला जातो आणि तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. या चाचणीचे पैसे मुलीच्या झोपेसाठी आणि खेळासाठी खर्च करा. आणि घरातल्या मोठ्या माणसांचे उपचार नीट चालू ठेवा. मूल भीती पाहूनही शिकतं.

प्रश्न : डोंबिवलीहून मुंबईला नोकरी. लोकलमध्ये दोनदा घाबरं झालं, तेव्हापासून आठ महिने ट्रेनमध्ये चढलेलो नाही. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी चालू आहे. धडधड कमी झाली, पण ट्रेनची भीती तशीच. गोळ्या सोडून समुपदेशन घेऊ का? नुसत्या बोलण्याने मेंदू बदलतो का? (डोंबिवली)

उत्तर : सोडून नको, जोडून घ्या. आणि ती एकत्र गोळी एकदम बंद तर मुळीच करू नका, कारण तिच्यात दोन औषधं आहेत. क्लोनाझेपाम सेरोटोनिनवर नव्हे, गाबा या शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतं. अर्ध्या तासात गुण येतो, म्हणूनच सवय लागते. महिनोन्‌महिने घेतल्यावर अचानक थांबवलं तर झोप उडण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. आमच्या मते असल्या एकत्र गोळ्या सरसकट देणं चूक आहे, कारण त्यातलं एक औषध काही आठवड्यांपुरतं हवं असतं आणि दुसरं वर्षभर. डॉक्टरांना दोन्ही वेगळी करून द्यायला सांगा. मग क्लोनाझेपाम दर दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्क्यांनी उतरवता येतं. एस्सिटालोप्रॅम बरं वाटू लागल्यावर सहा महिने ते वर्षभर ठेवतात आणि मग १० वरून ५, महिन्याने अडीच, मग बंद. शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश हवा. डोस निम्मा केला म्हणून अडवलेले वाहक निम्मे मोकळे होत नाहीत, खरी घसरण शेवटच्या काही मिलिग्रॅममध्ये होते. चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं ही डोस भराभर उतरवल्याची खूण आहे, जुना आजार परत आला असं लगेच समजू नका.

आता मेंदू बदलण्याबद्दल. स्वीडनमध्येच २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात, समाजात वावरण्याची भीती असलेल्या लोकांना इंटरनेटवरून नऊ आठवडे विचार-वर्तन उपचार दिले. त्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया कमी झाली आणि त्याचं आकारमानही किंचित घटलं. म्हणजे बदलतो. पण नुसत्या बोलण्याने नाही, तर भीतीच्या जागी पुन्हा जाण्याने.

जुनी भीती मात्र पुसली जात नाही. अमिग्डालातली ‘ट्रेन म्हणजे धोका’ ही नोंद राहते. कपाळामागचा भाग तिच्यावर ‘ट्रेन आहे, तरी काही झालं नाही’ ही नवी नोंद चढवतो. आणि हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागा-वेळ लक्षात ठेवणारा भाग, ही नवी नोंद *त्या ठिकाणाशी* बांधून ठेवतो. म्हणून दुपारच्या रिकाम्या ट्रेनमध्ये जमलेलं सकाळच्या गर्दीत जमत नाही, आणि रुग्णाला वाटतं उपचार फसला. फसलेला नसतो. सराव एकाच प्रकारे झालेला असतो.

त्यामुळे सराव असा करा, शक्यतो समुपदेशकाच्या देखरेखीखाली. साधारण बारा ते सोळा बैठकी धरून चाला. पहिल्या आठवड्यात घरीच शरीराची भीती मोडा. एक मिनिट जागच्या जागी जोरात धावा, एक मिनिट स्ट्रॉमधून श्वास घ्या, एक मिनिट गोल फिरा. धडधड आणि चक्कर मुद्दाम आणायची आणि ती आपोआप उतरू द्यायची. (दमा, हृदयविकार, फिट किंवा गरोदरपण असेल तर हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) दुसऱ्या आठवड्यात फलाटावर अर्धा तास थांबा, गाड्या येऊ-जाऊ द्या. मग दुपारी स्लो लोकलने एकच स्टेशन, डोंबिवली ते कोपर. त्याच दिवशी पुन्हा. मग दिवा, मग ठाणे. मग तोच प्रवास संध्याकाळी, दुसऱ्या डब्यात, बसून, उभ्याने, दारापासून लांब.

प्रत्येक वेळी चढण्याआधी एका कागदावर लिहा : काय होईल असं वाटतंय? ‘बेशुद्ध पडेन’, ‘लोक हसतील’, आणि त्याची शक्यता किती टक्के. उतरल्यावर खाली लिहा, काय झालं. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत जितकी मोठी, तितकी नवी नोंद पक्की होते. म्हणून भीती शून्यावर यायची वाट पाहू नका, भीती असतानाच चढा आणि ठरवलेल्या स्टेशनलाच उतरा.

हे बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. अर्ध्या वाटेत, भीती शिखरावर असताना उतरून पळणं, कारण मग मेंदू शिकतो की पळाल्यामुळे वाचलो. आणि खिशात ठेवलेली ‘वेळ पडली तर’ची क्लोनाझेपामची गोळी. ती खाल्ली नाही तरी श्रेय तिलाच जातं. ठाण्यापर्यंत जमू लागलं की एक दिवस ती घरी ठेवून निघा.